निरोपाची रंगीत तालीम

निरोप ही माणसाच्या सुसंस्कृतपणाची अंतिम कसोटी आहे. स्वागत काय, कुत्रंही करतं. शेपूट हलवलं की झालं. पण जाणाऱ्याला नीट जाऊ देणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे!

हा विचार मी ताईच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, एक हात हवेत धरून मांडला. ताईने त्या हवेतल्या हातात सुरी दिली आणि पुढ्यात कांद्यांची परात सरकवली.

"चिरता चिरता बोल, छोटू," ती म्हणाली.

माझं वय बावन्न आहे. उंची पाच फूट अकरा. पण ताईच्या लेखी मी छोटूच; आणि दुर्दैवाने ताई हाक मारताना आवाज बारीक ठेवत नाही.

विषय होता भाचीच्या लग्नाचा. जावई हवामान खात्यात. समुद्रात एक बेट आहे, त्यावर वारा मोजायचं केंद्र आहे, त्यात जावई वारा मोजतात. लग्न झालं की त्याच संध्याकाळी सहाच्या बोटीने दोघं तिकडे जाणार, दोन वर्षांसाठी. रजा वर्षातून एकदा, तीही वाऱ्याने परवानगी दिली तर. हे ठरल्यापासून ताईने त्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. महिनाभर ती नुसती कपाटं आवरत होती. एकच कपाट चार-चारदा. चेहरा झाकण घट्ट बसलेल्या डब्यासारखा.

कांदे चिरून मी डोळे पुसत अंगणात आलो, तर भाची मागोमाग आली.

"मामा, एक काम कराल? निरोपाचं तुम्ही बघा. काहीही करा, पण मी गाडीत बसेन तेव्हा आई हसली पाहिजे. ती रडली ना, तर मी खाली उतरेन. खरंच उतरेन. मग मला कोणी बोटीत बसवू शकणार नाही."

"सोड माझ्यावर!" मी म्हणालो.

आता माझ्याबद्दल थोडं. मी सूचनापुस्तिका लिहितो. मिक्सर, पंखा, पाण्याचा पंप यांच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो ना, 'वापरण्यापूर्वी काळजीपूर्वक वाचा' असं लिहिलेला? तो माझा. बावीस वर्षांत माझ्या शब्दांच्या लाखो प्रती घरोघरी गेल्या. त्यातली एकही कोणी वाचल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या. अशा माणसाच्या हाती जेव्हा खरंखुरं, जिवंत माणसांचं काम येतं, तेव्हा तो काय सोडणार आहे होय?

लग्नाची जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचं खालचं सभागृह. सह्या, टाळ्या, खाणं आणि निरोप, असा सुटसुटीत बेत. मी ग्रंथपालबाईंना भेटलो. बारीक चण, जाड चष्मा, आणि आवाज असा की समोरच्याने आपोआप वाकून ऐकावं.

"सभागृह देऊ," त्या म्हणाल्या. "पण इथे काही फेकायचं नाही, पेटवायचं नाही, उडवायचं नाही, सांडायचं नाही आणि वाजवायचं नाही. वर वाचक बसलेले असतात."

"मग करायचं काय?"

"निरोप द्यायचा."

इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. घरी बैठक बसली. भाचीच्या आत्याबाई म्हणाल्या, "फुलांच्या पाकळ्या टाका. जन्मात कोणी पाकळ्यांना नाही म्हटलेलं नाही." दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई नाही म्हणाल्या. पाकळ्यांचे डाग फरशीवरून जात नाहीत. मग आत्याबाईंनी कबुतरं सुचवली. ते ऐकून बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"गेल्या वर्षी एक कबुतर आत शिरलं होतं," त्या म्हणाल्या. "इतिहासाच्या कपाटाचं काय झालं ते मी सांगणार नाही."

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांनी साबणाचे फुगे सुचवले. फुगा जमिनीवर पडत नाही, हवेतच फुटतो, असा माझा युक्तिवाद. बाईंनी दहा मिनिटांच्या चाचणीला परवानगी दिली. आम्ही व्हरांड्यात फुगे सोडले. दृश्य फारच सुंदर होतं! इंद्रधनुष्याचे गोळेच्या गोळे! मात्र फुगा फुटला तरी साबण कुठे तरी जायला लागतो, आणि तो फरशीवर गेला होता. भाऊजी दारातून निघाले ते एकही पाऊल न टाकता थेट देवघेवीच्या काउंटरपर्यंत पोचले.

"काही हवंय का?" तिथल्या कारकुनाने विचारलं.

मग मी हातातल्या छोट्या घंटा आणल्या. 'वाजवायचं नाही' हे मान्य, पण किणकिण म्हणजे काय वाजवणं झालं? एक घंटा, एकदाच, अगदी हलक्या हाताने हलवली. वरच्या मजल्यावर परीक्षेची तयारी करणारी बारा मुलं पेनं खाली ठेवून उभी राहिली.

शेवटी मला सुचल्या फिती! हातभर काठी, तिच्या टोकाला दोन हात लांब रंगीत रेशमी फीत. पाहुण्यांनी दोन रांगांत उभं राहायचं, नवरा-नवरी मधून गेली की काठ्या हलवायच्या. फेकणं नाही, पेटणं नाही, सांडणं नाही, आवाज शून्य. बाईंनी एक फीत हातात घेऊन ओढून पाहिली.

"सुटणार नाही ना?"

"शिवली आहे."

"चालेल," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत माझ्या कामावर इतकी चांगली प्रतिक्रिया मला कोणी दिली नव्हती.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण कोणतंही यंत्र चालवणाऱ्याच्या हातात दिल्याशिवाय पुरं होत नाही, आणि इथे चालवणारा होता गाडीचा ड्रायव्हर. तो भाड्याच्या गाडीबरोबर येणार, त्याला आम्हा कोणाची ओळख नाही. म्हणून मी त्याच्यासाठी एक सूचनापत्रक लिहिलं आणि गाडीवाल्यांच्या कचेरीत देऊन आलो. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम लेखन! त्यात लिहिलं होतं की, जोडपं बसताच मागच्या दारांची बालकुलपं (दार आतून उघडू न देणारी) लावावीत, कारण नवरी ऐनवेळी उतरून आईकडे धावण्याचा संभव आहे. फिती हलू लागताच गाडी सोडावी. मागच्या सीटवरून 'थांबा', 'परत फिरा', 'काहीतरी घोटाळा झालाय' असे उद्गार येतील. ते भावनेच्या भरात आलेले समजावेत व त्यांकडे दुर्लक्ष करावं. बंदराच्या धक्क्यापर्यंत कुठेही थांबू नये. तिथे सामान उतरवून, जोडप्याला शुभेच्छा देऊन, मागे वळून न बघता निघून जावं. निरोप लांबवू नये.

लग्नाचा दिवस उजाडला. सगळं घड्याळाच्या काट्यावर. वाचनालयाच्या नियमाप्रमाणे सर्वांचे मोबाईल दारातल्या पेटीत जमा झाले. जोडप्याचं सामान भाऊजींनी गाडीच्या डिकीत चढवलं. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या (टाळ्या बाईंनी 'हळू' म्हणून निम्म्यावर आणल्या). ताईने जावयाला पाणी दिलं, भाचीच्या केसातली पिन नीट केली, आणि सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या एकात एक घालू लागली. डब्याचं झाकण अजून घट्टच होतं.

पावणेपाच वाजले. नवरा-नवरी प्रवासाचे कपडे घालायला वर गेली. साठ पाहुणे हातात काठ्या घेऊन फाटकाशी उभे, आणि त्यांचा गोंधळ असा की जणू साठ माणसं साठ वेगवेगळे मासे धरायला आली आहेत! कोणाची फीत कोणाच्या चष्म्यात, कोणाची कानातल्यात.

"तालीम करू या," मी जाहीर केलं. "चाचणी घेतल्याशिवाय कुठलंही यंत्र बाजारात येत नाही. मी नवरा, आणि ही नवरी."

'ही' म्हणजे माझी बायको.

"अहो, तीच चूक माणसाने किती वेळा करायची?" ती म्हणाली. पण आली. पाहुण्यांनी मधून वाट केली, आम्ही दोघं मान डोलावत चालत गेलो, गाडीचं मागचं दार उघडून आत बसलो.

कुलपं लागली. खट्!

बाहेर साठ फिती एका लयीत हलल्या. लाल, पिवळ्या, निळ्या! डोळ्यांचं पारणं फिटावं असं ते दृश्य मी कौतुकाने बघतो आहे, तोच ते मागे मागे जाऊ लागलं.

"अहो, गाडी चालू झाली," बायको म्हणाली.

"ड्रायव्हरदादा, थांबा!"

ड्रायव्हर गंभीर चेहऱ्याचा, नीट भांग पाडलेला माणूस होता. त्याने समोरच्या काचेला चिकटवलेल्या एका कागदाकडे नजर टाकली आणि वेग वाढवला.

मी मागच्या काचेला तोंड लावून ओरडलो. पाहुण्यांना वाटलं, काय तालीम करतोय हा माणूस! जीव ओतून! त्यांनी आणखी जोरात काठ्या हलवल्या. आणि त्या गर्दीत मला ताई दिसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे गदगदा हलले, आणि ती फाटकाच्या पायरीवर मटकन खाली बसली.

"संपलं," मी म्हणालो. "ताई रडली."

"तालमीलाच?" बायको म्हणाली.

"महिनाभर दाबून धरलेलं होतं गं. गाडी हलली आणि फुटलं. आता ती पोर खाली येणार, आईला बघणार, आणि झालं! मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं!" मी पुढे वाकलो. "दादा, आम्ही जोडपं नाही!"

"लग्न झालंय ना तुमचं?"

"झालंय, पण सव्वीस वर्षांपूर्वी!"

"वय काढू नका साहेब," तो समजुतीने म्हणाला. "माझ्या आत्याने पंचावन्नाव्या वर्षी लग्न केलं. आज सुखात आहे."

"अहो, मी नवरीचा मामा आहे!"

ड्रायव्हरने आरशातून बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नजर रस्त्यावर नेली. त्या नजरेत बरंच काही होतं.

"मी दुसऱ्याच नवरीबद्दल बोलतोय!" मी ओरडलो.

"पहिल्याच दिवशी?" तो म्हणाला.

बायकोला हसू फुटलं. मी रागाने तिच्याकडे बघितलं आणि हुकमाचं पान काढलं. "हे बघा, तो समोर लावलेला कागद आहे ना? तो मी लिहिलाय. मी! माझ्या हाताने!"

"मग तर तुम्हाला माहीतच आहे," ड्रायव्हर म्हणाला. "मागून 'घोटाळा झालाय' असं म्हणतील, दुर्लक्ष करावं. काय लिहिलंय साहेब! मी तीनदा वाचलं. एवढं स्वच्छ कोणी लिहून देत नाही हो. नाहीतर लोक नुसतं 'जरा बघून घ्या' म्हणतात. काय बघून घ्या?"

काय सांगू! बावीस वर्षं मी या माणसाची वाट बघत होतो. शब्दन् शब्द वाचणारा, तीनदा वाचणारा, वाचलेलं पाळणारा माणूस! आणि तो मला भेटला तो हा असा, कुलूपबंद गाडीत, ताशी साठच्या वेगाने. तेवढ्या धामधुमीतही माझे डोळे किंचित ओलावले. बायकोने मला रुमाल दिला. ड्रायव्हरने आरसा सभ्यपणे वर फिरवला.

वरातीमागून घोडं ही म्हण आपण ऐकलेली आहे. आमच्याकडे घोडं पुढे गेलं होतं, वरात मागेच राहिली होती, आणि घोड्याबरोबर नवरीच्या चारही बॅगा होत्या.

धक्क्यावर ड्रायव्हरने दार उघडलं, बॅगा ओळीत मांडल्या, "सुखाने राहा, एकमेकांना सांभाळा" म्हणाला, आणि मी तोंड उघडेपर्यंत मागे वळून न बघता निघून गेला. मी मागे धावलोसुद्धा. पण 'निरोप लांबवू नये' हेही मीच लिहिलं होतं.

सव्वापाच वाजून गेले होते. वारा असा सुटला होता की बायकोची ओढणी माझ्याच तोंडावर येत होती. मी तिकीट-खिडकीशी धावलो. आत एक पोक्त कारकून नाकावर चष्मा घेऊन बसला होता.

"बेटावर जाणारं नवं जोडपं ना?" तो म्हणाला. "तुमच्या दोन जागा राखून आहेत."

"ते आम्ही नव्हे."

"मग या बाई कोण?"

"माझी बायको."

"आणि तुम्ही?"

"हिचा नवरा."

"मग जोडपं नाही कसं?"

बायकोने मला बाजूला केलं, दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि फोन मागून घेतला. पाठ असलेला नंबर एकच, माझा. तो मोबाईल वाचनालयाच्या पेटीत. रिंग बराच वेळ वाजली. मग कोणीतरी उचलला.

"वाचनालयात मोबाईल वाजवायला बंदी आहे," अगदी बारीक आवाज आला. ग्रंथपालबाई!

"बाई! मी मामा बोलतोय!"

"हळू बोला. वर वाचक आहेत."

त्या वाऱ्यात, लाटांच्या गाजेत, मी कुजबुजत बोललो. "बाई, गाडी गेली."

"कुठे?"

"इथे. आणि आता इथूनही गेली."

"अच्छा. आमचं फिरतं वाचनालय अंगणात उभं आहे. त्यात बसवते दोघांना."

"बाई, तुमचे उपकार..."

"आणि मामा, साठ लोक माझ्या फाटकात काठ्या घेऊन उभे आहेत. लवकर काय ते करा." फोन बंद.

"ताईचं विचारलंच नाही," मी बायकोला म्हणालो. पुन्हा फोन लावायची हिंमत झाली नाही. एका बॅगेवर मी बसलो, एकीवर ती. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र: ताई पायरीवर, भाची तिच्या गळ्यात, आणि फिरतं वाचनालय रिकामं उभं.

"नाही आली तर?" मी म्हणालो.

"तर आपण जाऊ," बायको म्हणाली. "जागा राखून आहेत."

सहाला दहा मिनिटं असताना वळणावरून एक लांबलचक पिवळी गाडी डुलत डुलत आली. दार उघडलं आणि भाची खाली उडी मारून आली. पाठोपाठ जावई, हातात एक कादंबरी.

"मामा!" तिने मला मिठीच मारली. "कसं जमवलंत हो?"

"काय जमवलं?"

"आई! अहो, मी खाली आले तर आई पायरीवर बसून हसतेय! डोळ्यांत पाणी येईपर्यंत! बोलताच येईना तिला. 'छोटूला पाठवून दिलं गं, छोटूला पाठवून दिलं' एवढंच म्हणत होती. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसायचा हट्ट केलात आणि पाळणा फिरायला लागल्यावर जे तोंड केलं होतंत ना, तेच तोंड काचेत दिसलं म्हणे!"

"म्हणजे ती... रडत नव्हती?"

"अजून हसत असेल! आम्ही गाडीत बसलो, सगळ्यांनी फिती हलवल्या, आणि गाडीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलंय ना, 'नेलेलं वेळेवर परत आणा', ते वाचून तिची पुन्हा मुरकुंडी वळली. बाबांनी धरून ठेवलं तिला. आत्याबाईही हसल्या. ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना 'हळू' म्हटलं आणि मग त्याच हसल्या!" तिने माझे दोन्ही हात धरले. "मामा, तुम्ही मुद्दामच केलंत ना हे?"

आता असल्या प्रश्नाला सज्जन माणूस काय उत्तर देणार? मी दूर क्षितिजाकडे बघत म्हणालो, "कसोटी असते ती."

बायको खोकली.

मी उभा राहिलो. एक हात हवेत धरला. दोन शब्द बोलायची वेळ हीच होती. "मुलांनो," मी सुरुवात केली, "निरोप ही माणसाच्या..."

तिकीट-खिडकीतून कारकून बाहेर आला आणि त्याने खिळ्याला एक पाटी अडकवली. 'जोराचा वारा. आजची बोट रद्द.'

"आत्ता सांगताय?" मी म्हणालो.

"वाऱ्याची खबर दुपारी बेटावरून येते," कारकून म्हणाला. "आज आलीच नाही. तिथला माणूस रजेवर आहे."

आम्ही सगळ्यांनी जावयाकडे बघितलं. जावयाने कादंबरी मिटली. "माझंच लग्न होतं," तो म्हणाला.

फिरत्या वाचनालयातून, पाककलेच्या आणि बालवाङ्मयाच्या कपाटांमध्ये चार बॅगांसह दाटीवाटीने बसून, आम्ही साडेसातला घरी आलो. दार ताईने उघडलं. तिने भाचीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाली, "चपला बाहेर काढा. फरशी आत्ताच पुसली आहे."

सकाळी वारा पडला आणि साडेसहाला जादा बोट सुटली. दोघं साडेपाचलाच घरातून निघाली. मी झोपलो होतो, बायको झोपली होती, भाऊजी घोरत होते. ताई एकटी उठली. तिने दोघांना चहा करून दिला, "पोचल्यावर फोन कर" म्हणाली, दार लावून घेतलं आणि पुन्हा झोपली.